क्रॉस सबसिडी आणि शासनाचे अनुदान: वीजबिल कमी येते, पण फरक कोण भरते?

रावेरकडच्या लोकांचे नातेगोते मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला, शिरपूरकडच्यांचे तिथल्याच सेंधव्याला. त्यामुळे खान्देशात हा प्रश्न हमखास निघतो: तिकडे शंभर युनिटांचे बिल शंभर रुपये, मग आपल्याकडे का नाही? त्यावर लगेच कोणी तरी म्हणते, आपल्याकडेही पहिली शंभर युनिटे स्वस्तच आहेत, सरकार सवलत देतेच की. इथेच गल्लत होते. मध्य प्रदेशातली अटल गृह ज्योती योजना हे शासनाचे अनुदान आहे. आपल्या घरगुती बिलातली पहिली शंभर युनिटे स्वस्त असतात ती क्रॉस सबसिडीमुळे, म्हणजे एका ग्राहकाने जास्त भरून दुसऱ्याचा दर कमी ठेवल्यामुळे, आणि तिच्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा येत नाही.

मग तो येतो कुठून? महाराष्ट्रात विजेचे दर मंत्रालय ठरवत नाही. वीज कायदा २००३ च्या कलम ६२ नुसार ते काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे आहे. महावितरण वीजखरेदी, पारेषण, गळती, पगार, कर्जावरचे व्याज असा सगळा खर्च आयोगापुढे मांडते. आयोग त्यात काटछाट करतो आणि मंजूर खर्चाला विकल्या जाणाऱ्या युनिटांनी भागतो. निघतो तो सरासरी पुरवठा खर्च. हा खर्च सगळ्यांकडून सारखा घेतला जात नाही. जळगाव एमआयडीसीतले चटईचे कारखाने, डाळ मिल, पाइप कारखाने, बाजारपेठेतली दुकाने यांचा दर सरासरीच्या वर ठेवतात. लहान घरे आणि शेतीपंप यांचा खाली. वरच्यांकडून जास्त आलेला पैसा खालच्यांची तूट भरून काढतो. राष्ट्रीय दर धोरणाने यावर लगाम घातला आहे: ग्राहकवर्गाचा दर सरासरीच्या २० टक्के वर-खाली या पट्ट्यात आणावा, असे ते सांगते.

घरगुती ग्राहकांमध्येही हीच देवाणघेवाण चालते, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. समजण्यासाठी सोपे आकडे धरू. हे प्रत्यक्ष दर नव्हेत. सरासरी खर्च युनिटला ८ रुपये, पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये, १०१ ते ३०० ला १० रुपये, त्यापुढे १४ रुपये. १०० युनिटे वापरणारे घर ४०० रुपये भरते, खर्च ८०० चा. म्हणजे ४०० रुपये दुसऱ्या कोणी तरी भरले. ३०० युनिटे वापरणाऱ्याचे ४०० अधिक २,००० असे २,४०० होतात. ३०० गुणिले ८ म्हणजेही २,४००. त्याला कोणी देत नाही, तोही कोणाला देत नाही. ३०१ व्या युनिटापासून मात्र तो शेजाऱ्याच्या बिलाला हातभार लावू लागतो.

या हिशेबातून एक गैरसमज दूर व्हावा. आपल्याकडे १०० च्या वर गेले की अख्खे बिल महाग होत नाही. महाग होतात फक्त वरची युनिटे. भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये २०० वॅटचा कूलर रोज १५ तास चालला तर दिवसाला ३ आणि महिन्याला ९० युनिटे होतात. एरवी ८० युनिटांवर राहणारे घर १७० वर जाते, पण पहिली १०० युनिटे तेव्हाही जुन्याच दराने लागतात. अनुदानाच्या योजना बहुधा अशा नसतात. बऱ्हाणपूरला महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तरच पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये. १५० ओलांडले की त्या महिन्याचा लाभच गेला. दिल्लीत २०० पर्यंत बिल शून्य, ४०० पर्यंत निम्मे, त्यापुढे काही नाही. शेवटच्या एका युनिटासाठी शेकडो रुपये जातात ते अशा ठिकाणी.

कायद्यानेच दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या आखल्या आहेत. कलम ६२ (३) नुसार आयोगाला दरात फरक करता येतो तो भार, वापर, व्होल्टेज, पुरवठ्याची वेळ, वापराचे कारण अशा निकषांवर; ग्राहकाच्या उत्पन्नावर किंवा रेशनकार्डाच्या रंगावर नाही. दरपत्रकातला ‘दारिद्र्यरेषेखालील’ हा वर्ग नावावरून सरकारी योजना वाटतो. पण त्याची कसोटी आहे मंजूर भार (जोडणीला मंजूर झालेली कमाल क्षमता) ०.२५ किलोवॅटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांपर्यंत. सातपुड्यातल्या पाड्यावर दोन दिवे आणि एक पंखा असलेले घर यात बसते, आणि त्याला मिळणारी सूटही क्रॉस सबसिडीच आहे.

सरकारला मात्र कोणत्याही गटाला सवलत देता येते. अट कलम ६५ मध्ये आहे: आयोगाच्या दरापेक्षा कमी दर द्यायचा तर फरकाची रक्कम सरकारने आगाऊ भरायची. न भरल्यास सवलतीचा निर्णय अमलात येत नाही, आयोगाचाच दर लागतो. ही ग्राहकाच्या बाजूची अट आहे, कारण घोषणा झाली आणि पैसा आला नाही तर ते ओझे शेवटी दराच्या रूपाने सगळ्यांवर फिरते.

शेतीपंपाच्या बिलात दोन्ही एकावर एक बसतात, म्हणून गोंधळ सर्वांत जास्त तिथे. आधी आयोग शेतीचा दर सरासरीपेक्षा कमी ठरवतो. ही क्रॉस सबसिडी. उरलेली रक्कम मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेत एप्रिल २०२४ पासून राज्य सरकार भरते, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी, मार्च २०२९ पर्यंत. योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये धरला होता: आधीपासूनची सवलत ६,९८५ कोटी आणि नव्याने ७,७७५ कोटी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी खोल गेले आहे, तिथे दहा अश्वशक्तीचे सबमर्सिबल असतात. त्यांना शून्य बिल नाही, आयोगाचा शेतीदर मात्र आहे. हा भेद माहीत नसला की ‘आमची सवलत बंद केली’ अशी तक्रार होते आणि ती चुकीच्या टेबलावर जाते. योजनेच्या आधीची थकबाकी हाही वेगळा विषय आहे; चालू बिल शून्य आले म्हणून जुनी बाकी मिटत नाही.

आता चुका कुठे होतात ते पाहू. क्रॉस सबसिडीसाठी अर्ज करावा लागत नाही, ती दरातच असते. म्हणून ती हातची जाते तीही बिलातल्या चुकीने, बहुतेकदा रीडिंगच्या. एका महिन्यात घराला कुलूप होते, रीडिंग झाले नाही. पुढच्या महिन्यात १८० युनिटे एकदम आली. दोन महिन्यांत वाटली तर ९०-९० होतात आणि वरच्या उदाहरणातल्या दरांनी ७२० रुपये लागतात. एकाच महिन्याची धरली तर ४०० अधिक ८०० असे १,२००. हा ४८० रुपयांचा फरक मागून घेता येतो. बिलावर मागील आणि चालू रीडिंग, रीडिंगची तारीख आणि किती महिन्यांचे बिल आहे एवढे पाहा, मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा.

चुकीची दुसरी जागा म्हणजे बिलावरचा ‘दर संकेत’. घरगुती म्हणजे एलटी (लघुदाब) १, व्यापारी म्हणजे एलटी २. पुढच्या खोलीत शिलाई मशीन किंवा मिरची कांडप सुरू केले म्हणून मीटर थेट व्यापारी होत नाही: घर आणि धंदा मिळून वापर महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असेल तर घरगुती दरच लागतो. ही तरतूद आयोगाच्या दर आदेशात आहे; व्यापारी दर लावला गेला तर तक्रारीच्या अर्जात तिचा उल्लेख जरूर करावा.

अनुदान अडते ते नोंदीत. पंपाचा मंजूर भार चुकीचा नोंदलेला, जोडणी वारलेल्या आजोबांच्या नावावर, ग्राहकवर्ग भलताच. धुळ्याच्या यंत्रमागांनाही आयोगाच्या दरावर राज्याचे अनुदान मिळते, आणि तिथेही २७ अश्वशक्तीवरच्यांना नोंदणीची अट घातली गेली होती. आयोगाचे दर साधारणपणे वर्षातून एकदाच बदलतात, इंधन समायोजन आकार (इंधनाच्या खर्चानुसार बदलणारी रक्कम) सोडला तर. अनुदानाच्या अटी शासन निर्णयाने केव्हाही बदलू शकतात, म्हणून निर्णयाची तारीख पाहणे महत्त्वाचे.

घरगुती बिलात सरकारचा हात दिसतो तो दुसऱ्या दिशेने: १६ टक्के वीज शुल्क. ते आयोगाचे नाही, महावितरणचेही नाही. तो राज्याचा कर आहे. ते कमी करा म्हणायचे तर आमदारांना म्हणावे. बऱ्हाणपूरसारखी योजना हवी असेल तीही त्यांच्याकडेच मागायची. पहिल्या शंभर युनिटांचा दर वाढला, स्थिर आकार वाढला, तर आयोगापुढे बोलायचे. दरवाढीची याचिका आली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि कोणीही ग्राहक लेखी हरकत घेऊ शकतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांचा महसूल विभाग नाशिक, आणि सुनावणी तिथे होत आली आहे. कारखानदार तिथे सल्लागार घेऊन जातात, घरगुती ग्राहकांनीही जायला हवे.

तक्रार फक्त आपल्या बिलाची असेल तर आधी महावितरणच्या तक्रार कक्षात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मंचाचा निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल.