रक्ततपासणीची समान संदर्भ मर्यादा ठरवायची आहे? मुंबईतल्या रुग्णालयांच्या लॅबसाठी अर्जाची माहिती

परळच्या रिपोर्टवर नॉर्मल असलेला आकडा अंधेरीच्या रिपोर्टवर ‘जास्त’ म्हणून ठळक छापून येतो आणि घरचे हादरतात. अनेकदा फरक रक्तात नसतो, शेजारी छापलेल्या संदर्भ मर्यादेत, म्हणजे ‘नॉर्मल’च्या खालच्या-वरच्या आकड्यांत असतो. ही मर्यादा अनेक लॅबना मिळून ठरवता येते. मात्र त्यासाठी निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं असल्याने हे संशोधन ठरतं आणि अर्ज नोंदणीकृत एथिक्स कमिटीकडे (संशोधनातल्या सहभागींचं हित जपणारी समिती) करावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमी जोखमीच्या बहुकेंद्री (अनेक रुग्णालयांत चालणाऱ्या) अभ्यासाला एकाच समितीकडून सामाईक मंजुरी घेता येते. सहभागी रुग्णालयांची त्याला संमती हवी.

कोणत्या लॅब? बाह्य गुणवत्ता चाचणीत, म्हणजे बाहेरच्या संस्थेने पाठवलेले नमुने तपासून आकडे पडताळण्यात, नियमित भाग घेणाऱ्या. आधी तेच नमुने सगळ्या मशीनवर लावून आकडे जुळतात का ते बघा. टीएसएचचे (थायरॉइडची तपासणी) आकडे कंपनीगणिक बदलतात, ती तपासणी सुरुवातीला नकोच. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉलही वगळा, त्यांच्या सीमा आजाराच्या धोक्यावरून ठरतात.

कोणते स्वयंसेवक? प्रौढ, नियमित औषध नसलेले, नुकतं आजारपण किंवा रक्तदान न झालेले; गरोदर स्त्रिया नकोत. नमुना उपाशीपोटी घ्यायचा, उपवासाची खिचडीही चालत नाही. हिमोग्लोबिनसाठी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचबीए२ (थॅलेसेमिया मायनर ओळखण्यासाठी) तपासाच. मुंबईत सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष, बहुधा लक्षणांविना) बरंच आढळतं, आणि लोहाची कमतरता तर घरोघरी. अशा लोकांना ‘निरोगी’ धरलं की खालची मर्यादा घसरते आणि खरा ॲनिमिया नॉर्मल म्हणून छापला जातो. माझ्या मते अख्ख्या अर्जात सर्वांत काळजीने लिहायचा भाग हाच.

कागदपत्रं: अभ्यासाचा आराखडा, मराठी व हिंदीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र, आरोग्य प्रश्नावली, संशोधकांचे बायोडेटा, विभागप्रमुख व रुग्णालयप्रमुखांची पत्रं, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, सहभागी लॅबचा आपसातला करार. एनएबीएल (लॅबच्या दर्जाला मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) प्रमाणपत्र असल्यास तेही जोडा.

मंजुरीनंतर प्रत्येक गटात, म्हणजे स्त्रिया-पुरुष वेगळे धरायचे तर दोन्हींत, किमान १२० जण लागतात. त्यांच्यातल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्यात बसतात ती मर्यादा धरतात. पुढे प्रत्येक लॅब आपल्याकडच्या २० निरोगी लोकांवर ती पडताळते. दोनपर्यंत बाहेर गेले तर मर्यादा स्वीकारायची, तीन-चार गेले तर नवे २० घ्यायचे, पाच किंवा जास्त गेले तर ती वापरायची नाही. नवी मर्यादा लागू होण्याआधी डॉक्टरांना लेखी कळवा आणि रिपोर्टवर बदलाची तारीख छापा, नाहीतर जुन्या-नव्या रिपोर्टची तुलना करताना गोंधळ होतो.