‘इजिप्तमध्ये दर सातवा माणूस’ हा आकडा आता जुना

इजिप्तमध्ये दर सातव्या माणसाला हेपटायटिस सी (रक्तातून पसरणारा, यकृताचा विषाणूजन्य आजार) आहे, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. २००८च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या १४.७ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या, हे खरं. पण अँटीबॉडी बऱ्या झालेल्यांच्या रक्तातही राहतात. प्रत्यक्ष विषाणू ९.८ टक्क्यांतच होता.

या आजाराच्या फैलावासाठी नाईलच्या पाण्याला दोष देणंही चूक. तो पसरला सुयांमधून: बिल्हार्झिया या कृमींमुळे होणाऱ्या रोगाविरुद्धच्या सरकारी मोहिमेत काचेची तीच सिरिंज, नीट न उकळता, पुढच्या माणसाच्या शिरेत जायची. उपचारासाठी विश्वासानं रांगेत उभी राहिलेली माणसं होती ती!

२०१८-१९मध्ये सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी झाली, बाधितांना गोळ्या मोफत मिळाल्या. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं बाधितांचं प्रमाण: ०.३८ टक्के.