प्रावरणातला क्लोरीन : एका आकड्याच्या वादाची पार्श्वभूमी

हॅलोजनांचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू, म्हटलं तरी चर्चा बहुतेक वेळा क्लोरीनचीच असते. फ्लोरीन आणि आयोडीनला स्थिर समस्थानिक एकेकच, त्यामुळे तिथे फरक मोजायचा प्रश्नच नाही. ब्रोमीनला दोन आहेत, पण खडकात तो इतका थोडा सापडतो की मोजणाऱ्याचा घाम निघतो. उरला क्लोरीन : दर चार अणूंमागे साधारण तीन वस्तुमान ३५ चे आणि एक ३७ चा. पृथ्वीच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकांच्या जाड थरात, या दोघांचं प्रमाण समुद्राच्या मानाने किती वेगळं, हाच वादाचा आकडा.

१९६१ मध्ये सुमारे ८० नमुने तपासून ‘निसर्गात लक्षात घेण्याजोगा फरक नाही’ असा निकाल लागला आणि विषय दोन दशकं बासनात गेला. १९८० च्या दशकात अणूंची वस्तुमानं मोजणारी यंत्रं सुधारली. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड सगळीकडे जवळपास सारखाच निघाला, म्हणून तोच शून्य धरला गेला : ३७ चा वाटा त्याहून दर हजारी जितका जास्त तितका आकडा अधिक, कमी असेल तर उणे. त्यानंतर अपेटाइट, सोडालाइट, अँफिबोल अशा शिलारसातून किंवा उष्ण द्रवांतून तयार झालेल्या खनिजांकडे लक्ष वळलं. तापमान वाढलं की समस्थानिकांची आपापसातली विभागणी कमी होत जाते. त्यामुळे सातशे-आठशे अंशांना घडलेल्या खनिजात मोठा फरक दिसला, तर तो मूळ स्रोतातून आला असावा किंवा वायू निसटताना पडला असावा. धातूंच्या शोधात याचा उपयोग होईल, ही आशाही तेव्हाचीच.

खरा गोंधळ १९९५ चा. महासागराच्या तळाशी, मध्य-सागरी कटकांवर (प्रावरणातला शिलारस जिथे वर येतो त्या डोंगररांगांवर) गोठलेल्या बेसाल्टच्या काचेत दर हजारी +७ पर्यंतचे आकडे जाहीर झाले. प्रावरण जड क्लोरीनचं, समुद्र आणि कवच हलक्या क्लोरीनचं, असं सुबक चित्र उभं राहिलं. मोजणी होती सीझियमचे दोन अणू आणि क्लोरीनचा एक अशा आयनावर, वस्तुमान ३०१ आणि ३०३. एवढ्या जड आयनात दोनाचा फरक किरकोळ, म्हणून यंत्रातली विकृतीही कमी राहील, हा युक्तिवाद. कागदावर बिनतोड होता. नमुना फार छोटा किंवा अशुद्ध असला की काय होतं, याची झडती मात्र पुरेशी झाली नव्हती, असं माझं मत.

दुसरी वाट वेळखाऊ. खडकाची पूड व्हॅनेडियम पेंटॉक्साइडसोबत वाफेच्या झोतात सुमारे १२०० अंशांना तापवायची, निघालेला क्लोरीन अल्कलीत पकडायचा आणि सिल्व्हर क्लोराइड म्हणून खाली बसवायचा. तो उजेडात काळवंडतो, म्हणून झाकून ठेवायचा. मग मिथाइल आयोडाइडबरोबर बंद नळीत ८० अंशांना ४८ तास. तयार झालेला मिथाइल क्लोराइड वायू यंत्रात सोडायचा. या वाटेने २००७ मध्ये प्रावरण, कवच आणि कार्बनयुक्त उल्का, सगळे शून्याच्या आसपास निघाले. +७ कुठेच दिसला नाही.

वाद संपला नाही. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने, त्याच धाटणीच्या पद्धतीने, प्रावरण −१.६ किंवा त्याहून खाली असल्याचा दावा केला. पाणी नेमकं कुठे मुरतंय, हाच त्यांचा मुद्दा, आणि इथे तो शब्दशः खरा : किलोभर समुद्राच्या पाण्यात क्लोरीन सुमारे १९ ग्रॅम, किलोभर बेसाल्टी काचेत कित्येकदा मिलिग्रॅमांत. वर येताना शिलारसाने समुद्राचं पाणी मुरलेलं कवच जरासं जरी पोटात घेतलं, तरी आकडा शून्याकडे ओढला जातो. शून्यवाले २०१३ मध्येही आपल्या जागी ठाम होते. मला या भेसळीचा मुद्दा पटतो, मात्र तेवढ्यावर −१.६ पक्का होतो असं वाटत नाही.

दरम्यान २०१० मध्ये चंद्राच्या नमुन्यांत −१ ते +२४ असा पसारा सापडला आणि पृथ्वीवरचं हे भांडण अगदीच घरगुती ठरलं. तिथे हायड्रोजन कमी, म्हणून क्लोरीन धातूंच्या क्लोराइडरूपाने उडाला आणि जड समस्थानिक मागे राहिला, हे पहिलं स्पष्टीकरण. पण काही चांद्र अपेटाइटांत पाणी, म्हणजे हायड्रोजनही, आहे. पुढे चंद्राच्या आरंभीच्या शिलारस-महासागराकडे, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या थराकडे, बोट दाखवलं गेलं.

आता खनिजांवरचं बरंच काम आयन प्रोबवर, म्हणजे आयनांच्या झोताने नमुन्याचा ठिपका खरवडून मोजणाऱ्या यंत्रावर, केलं जातं. खनिजाचा कण फोडायचा नाही, काही मायक्रॉनचा ठिपका पुरतो. खनिजागणिक मात्र यंत्राचा प्रतिसाद बदलतो, म्हणून अपेटाइटसाठी अपेटाइटचाच प्रमाण-नमुना (आकडा आधीच ठाऊक असलेला, तुलनेसाठीचा नमुना) लागतो. त्या प्रमाण-नमुन्याचा आकडा अजूनही वायूच्या त्या जुन्या वाटेनेच ठरवतात.