जुन्या फोटोतला माणूस ओळखायचा तर "कान बघा" हे आलं कुठून?

दोन जुने फोटो शेजारी लावायचे, नाकाडोळ्यांवरून लाल रेघा मारायच्या आणि "बघा, तोच माणूस" म्हणायचं, हे आता सगळीकडे चालतं. याची सुरुवात पॅरिसच्या पोलीस खात्यात झाली. १८७९ साली अल्फोन्स बर्तियों तिथे कारकून म्हणून लागला. गुन्हेगार नाव बदलून परत परत यायचे आणि खात्याकडे फोटोंचा नुसता ढीग, त्यात शोधणार कसं? मग याने डोक्याची लांबी-रुंदी, मधलं बोट, पाऊल अशी ११ मापं घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे फोटोलाही शिस्त लावली, एक समोरून, एक बाजूने, अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला. कानावर त्याचा फार भर होता. दाढी वाढवा, जाड व्हा, कानाची घडण तीच राहते असं त्याचं म्हणणं.

ही मापं १८९० नंतर बंगाल पोलिसांतही आली, पण १८९७ ला कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा ब्युरो निघाला आणि ती मागे पडली. कान मात्र लोकांच्या डोक्यात पक्का बसला.

आपल्याकडची भवालची केस बघा. ढाक्याजवळच्या या जमीनदारीचे दुसरे कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ ला दार्जिलिंगला वारले असं जाहीर झालं, आणि १९२१ च्या सुमारास ढाक्यात आलेला एक संन्यासी तेच आहेत असं लोक म्हणायला लागले. कोर्टात फोटोंवर दोन्ही बाजूंनी चित्रकारांच्या साक्षी झाल्या. न्यायाधीश पन्नालाल बसूंनी १९३६ ला संन्याशाच्या बाजूने निकाल दिला, त्यात कानाच्या कडेचा कोन आणि गालाला न चिकटलेली पाळी होतीच, पण घोट्यावरचा व्रण, तुटलेली दाढ, पायाची खरबरीत कातडी हेही होतं. माझ्या मते खरं वजन या खुणांचं, कारण तशी पाळी हजारो लोकांना असते, पण एवढ्या सगळ्या खुणा एकाच अंगावर सापडणं फार अवघड.

आणि बर्तियोंची पद्धत चालायची ती त्याने अंतर आणि उजेड बांधून घेतला म्हणून. घरातल्या जुन्या फोटोंना ते कुठून असणार? कॅमेरा जवळ असेल तर नाक मोठं येतं, मान जरा खाली घातली की कान वर सरकल्यासारखा दिसतो, त्या काळी फोटो ज्या काचांवर घ्यायचे त्यांवर तांबूस रंग काळपट उठायचा. पत्र्यावरचे फोटो तर आरशासारखे उलटे, डावा गाल उजवीकडे. बिली द किड या अमेरिकेतल्या नामचीन बंदूकबाजाचा तसा एकच नावाजलेला फोटो, त्यावरून लोक कित्येक वर्षं त्याला डावखुरा समजत होते! म्हणून चेहऱ्याआधी फोटोचं वय बघा. झाशीच्या राणीसाहेब १८५८ ला गेल्या, कॅबिनेट साइजचे पुठ्ठ्यावरचे फोटो १८६६ च्या आसपास सुरू झाले, मग तसल्या फोटोत त्या कशा असतील? इथे नाक मोजायची गरजच नाही.

सगळ्यात मोठा धडा ॲना अँडरसनचा. १९२० ला बर्लिनच्या कालव्यातून बाहेर काढलेली ही बाई पुढे म्हणाली मी रशियाच्या झारची, म्हणजे सम्राटाची, मुलगी अनास्तासिया, आणि जर्मनीत तिचा खटला १९३८ पासून १९७० पर्यंत चालला. ओटो रेखे नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने फोटो ताडून सांगितलं की ही अनास्तासिया तरी आहे नाहीतर तिची जुळी बहीण. १९७७ ला आणखी एका तज्ज्ञाने कानाचे १७ मुद्दे जुळवून दाखवले. १९८४ ला ती वारली, तोवर तिला मानणारे भरपूर होते. ऑपरेशनच्या वेळी काढलेला तिच्या आतड्याचा तुकडा अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात राहिला होता, त्याचा डीएनए १९९४ ला तपासला तर झारच्या घराण्याशी जुळला नाही, जुळला तो फ्रांझिस्का शान्झकोव्स्का या कारखान्यात काम करणाऱ्या पोलिश मुलीच्या नातेवाइकाशी. कानाचे १७ मुद्दे जुळूनही बाई निघाली दुसरीच.