स्कूबा इन्स्ट्रक्टर होण्याचा खर्च आणि कमाई: फी भरण्याआधी वाचा

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची पहिली डाइव्ह झाली की बोटीवरच प्रश्न येतो, "इन्स्ट्रक्टर व्हायला किती लागतात?" नुसता कोर्सचा आकडा सांगून हे उत्तर पुरं होत नाही. फी एकदाच जाते, पावसाळा मात्र दरवर्षी येतो. म्हणून इथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत. आकडे ढोबळ आहेत. सर्टिफिकेट देणाऱ्या एजन्सीची फी परकी चलनात ठरत असल्याने ते वरखाली होतात.

पॅडी या एजन्सीच्या वाटेने गेलात तर ओपन वॉटर या पहिल्या कोर्सला २५ ते ३५ हजार, अ‍ॅडव्हान्स्डला २० ते २८ हजार, प्रथमोपचार आणि रेस्क्यू (बचाव) मिळून २५ ते ३५ हजार, डाइव्हमास्टर या पहिल्या व्यावसायिक पायरीला ६० हजार ते १ लाख रुपये लागतात. शेवटी इन्स्ट्रक्टरचा कोर्स म्हणजे आयडीसी, त्याची परीक्षा म्हणजे आयई, प्रथमोपचार-प्रशिक्षकाचा कोर्स आणि नोंदणी मिळून पावणेदोन ते अडीच लाख. स्वतःचा रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगण्याचं जॅकेट), डाइव्ह कॉम्प्युटर, सूट, मास्क, फिन्स यांचे ८० हजार ते सव्वा लाख धरा. भाड्याच्या सामानावर आयडीसी करता येते, पण रोज वेगळा बीसीडी घालून तरंगण्याचा तोल बसत नाही, आणि परीक्षेत नेमका तोच पाहतात. सहा महिन्यांचं राहणं-जेवण धरलं तर एकूण साडेचार ते साडेसहा लाखांची तयारी ठेवा. एसएसआय या दुसऱ्या एजन्सीची रचना वेगळी आहे, खर्चात फार फरक पडत नाही.

वेळेचं गणित पैशांपेक्षा जास्त लोकांना अडवतं. डाइव्हमास्टर कोर्स सुरू करायला वय १८ आणि ४० डाइव्ह हव्यात, पूर्ण व्हायला ६०. आयडीसीला बसण्यापूर्वी डायव्हर म्हणून किमान सहा महिने झालेले असावे लागतात, आणि आयईच्या वेळी लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, १०० डाइव्ह लागतात. त्यांत रात्रीची, खोल पाण्यातली आणि दिशाशोधनाची डाइव्ह हवी. एकाच खडकाभोवती पाहुण्याचा हात धरून केलेल्या शंभर फेऱ्या या कामाला पुरत नाहीत. शेवटच्या चाळीस डाइव्हचा खर्च बहुतेक जण हिशेबात धरतच नाहीत, आणि तिथेच अडकतात. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानला काही दिवस काढावे लागतील, हे आधीच धरून चला.

आयई साधारण दोन दिवसांची असते. परीक्षक एजन्सीचा असतो, तुम्हाला शिकवणारा नाही. लेखी पेपरना ७५ टक्के लागतात. भौतिकशास्त्राचा पेपर लोक घाबरून वाचून येतात, त्यामुळे त्यात फारसं कुणी अडकत नाही. घोळ होतो तो पाण्यात शिकवून दाखवताना. तिथे विद्यार्थी म्हणून दुसरे उमेदवारच असतात आणि परीक्षकाने त्यांना चूक करायला सांगितलेली असते. मास्कमधलं पाणी काढताना कुणी मुद्दाम खाली बघतो, त्यामुळे नाकातून कितीही फुंकलं तरी पाणी आतच राहतं. मान वर करा, फ्रेमची वरची कड दाबा, मग फुंका, ही खूण तुम्ही लगेच करायची. तुमची नजर हातातल्या स्लेटवर (मुद्दे लिहिलेल्या पाटीवर) असली तर ही चूक हुकते आणि गुण जातात.

आता कमाई. डाइव्हमास्टरला महिन्याला १५ ते २५ हजार आणि राहणं-जेवण. नव्या इन्स्ट्रक्टरला मोसमात महिन्याला ३० ते ४५ हजार, वर प्रत्येक सर्टिफिकेटमागे कमिशन. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर कमिशनला मर्यादा आहे. नियमाने ओपन वॉटरच्या समुद्रातल्या डाइव्हला एका इन्स्ट्रक्टरमागे आठ विद्यार्थी चालतात, पण कर्ली नदीच्या गाळाने पाणी गढूळ असलं की दोन-तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं आणि सप्टेंबरचं पाणीही भरवशाचं नसतं. आठ महिने ४० हजार धरले तर वर्षाला ३ लाख २० हजार. त्यातून सभासदत्वाचं नूतनीकरण, व्यावसायिक विमा आणि रेग्युलेटरची सर्व्हिसिंग यांचे साधारण २५ ते ४० हजार वजा करा. नूतनीकरण चुकलं तर कुणालाही सर्टिफिकेट देता येत नाही. एकूण घातलेले पैसे फिटायला दोन-तीन मोसम सहज जातात. मालदीवला पगार बरे असतात आणि हिंदी बोलणाऱ्याला तिथे काम मिळतं, पण वर्क परमिट तिथल्या डाइव्ह केंद्राने काढून द्यावं लागतं. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम शोधू, हा बेत करू नका. थायलंडमध्येही हेच.

कानांचा खर्च कुणी सांगत नाही, तो आम्ही सांगतो. ओपन वॉटरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला, हवा संपल्यास काय करायचं म्हणून, ६ ते ९ मीटरवरून एकाच श्वासात, तोंडाने "आऽऽ" करत वर यायला शिकवावं लागतं. हे एकेकाला घेऊनच करायचं असतं. चार विद्यार्थी म्हणजे तुम्ही चार वेळा वर आणि परत खाली. दरवेळी कान मोकळे करावे लागतात. सर्दीची गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना कानातली हवा अडकते. मग काही दिवस घरी, आणि बऱ्याच केंद्रांत त्या दिवसांची मजुरीही बुडते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वैद्यकीय फॉर्म आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची तपासणी, मग ४०० मीटर न थांबता पोहता येतं का ते तलावात बघा, आणि मगच चौकशीला या. लॉगबुक असेल तर ते घेऊन या.