विमानतळ परिसरातील बांधकाम : उंचीच्या ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज कोठे अडतो

कोल्हापूर विमानतळालगतच्या उजळाईवाडी, मुडशिंगी, तामगाव, नेर्ली या गावांत किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत बांधकाम काढणाऱ्यांना परवानगीसाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीविषयक ना हरकत प्रमाणपत्राची गरज पडू शकते. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमांनुसार रंगीत विभाग नकाशातील (विमानतळाभोवती कोठे किती उंची चालते हे रंगीत चौकटींनी दाखवणाऱ्या नकाशातील) लाल विभागात इमारत कितीही बुटकी असली तरी हे प्रमाणपत्र लागते. इतर रंगांच्या चौकटींत मात्र तेथे दर्शवलेल्या उंचीपर्यंत स्थानिक नियोजन संस्था स्वतःच परवानगी देऊ शकते. आपला गट नंबर कोणत्या चौकटीत पडतो, हे आधी पाहावे.

अर्ज ऑनलाइन आहे आणि नोंदणीत अवघड असे काही नाही. खरी अडचण जागेच्या उंचीच्या दाखल्याची असते. ही उंची समुद्रसपाटीपासूनची लागते आणि ती सातबाऱ्यावर नसते, मिळकत पत्रिकेवर नसते, मोजणीच्या नकाशावरही नसते. म्हणजे अर्जदाराच्या घरात असलेल्या एकाही कागदावर नसलेली गोष्ट त्याच्याकडे मागितली जाते आणि ती कोठून आणायची हे खिडकीवरचा माणूस क्वचितच सांगतो. सर्वेक्षकाकडून भूखंडाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने अंश, मिनिटे व सेकंदांत आणि जागेची उंची मीटरमध्ये, सही-शिक्क्यासह घ्यावी. मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवून काढलेले आकडे कृपया भरू नयेत.

ही मागणी निष्कारण नाही. विमानतळाच्या हवामान अहवालात क्यूएनएच नावाने हवेचा दाब दिलेला असतो. वैमानिक तो उंचीमापकावर लावतो, तेव्हा त्याला समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. धावपट्टी, डोंगर आणि तुमची गच्ची या सर्वांची उंची त्याच पातळीपासून मोजलेली असावी लागते.

अर्जात उंचीचा आकडा भरतानाच सर्वाधिक चुका होतात. समजा, जागा ५९६.४० मीटरवर आहे आणि इमारत १५ मीटरची आहे, तर माथ्याची उंची ६११.४० मीटर होते असे अर्जदार धरतो. पण गच्चीवरील पाण्याची टाकी, जिन्याची खोली, अँटेना व वीजरोधक हे सारे मंजूर उंचीच्या आतच बसावे लागते. त्यासाठी आणखी साडेतीन मीटर लागणार असतील, तर मागणी ६१४.९० मीटरची करावी. प्रमाणपत्रात आलेला आकडाही माथ्याचा असतो, त्यातून जागेची उंची वजा करूनच मजले ठरवावेत.

प्रमाणपत्राची ८ वर्षांची मुदत ते दिल्याच्या तारखेपासून चालू होते, पाया खोदल्यापासून नव्हे. काम रेंगाळल्यास एकदाच मुदतवाढ मिळू शकते. परंतु त्यासाठी काम सुरू झालेले असावे, विलंबाचे कारण आपल्या हाताबाहेरचे असावे आणि अर्ज मूळ मुदत संपण्यापूर्वी पोहोचलेला असावा. यांतील एकही अट चुकली, तर नव्याने अर्ज करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.