कोटितीर्थ ते पूरगाळ: पंचगंगेकाठच्या चित्रांची पार्श्वभूमी

पर्यावरणावरच्या कलेचा इतिहास सांगताना १९८२ हे साल हटकून येते. योसेफ बॉइस या जर्मन कलावंताने त्या वर्षी जर्मनीतल्या कासेलमध्ये ७००० ओक लावायला घेतले, प्रत्येक झाडाशेजारी बेसॉल्टचा एक खांब. कोल्हापुरात पाण्याचे चित्र त्याच्या कितीतरी आधीचे. चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ या तळ्याचा परिसर जलरंगात पुन्हा पुन्हा रंगवला. निसर्ग वाचवा, असा काही त्यामागे हेतू नव्हता. तळ्याच्या काठाची नोंद मात्र आपसूक राहिली. रंकाळा तलावावर चित्राचा बोर्ड घेऊन बसणाऱ्यांनी पुढे तीच वाट धरली.

मग २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. हा पूर ट्यूबमधल्या निळ्या रंगात सांगता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत. त्यापेक्षा ओसरल्यावर मागे राहिलेला गाळच रंग म्हणून घ्यावा. सह्याद्रीच्या माथ्यावरची तांबडी जांभा माती आणि खालची काळी, दोन्ही त्यात असतात.

जयंती नाल्याच्या तोंडाजवळचा गाळ नको. तिथे सांडपाणी मिसळते. हातमोजे घालून घेतलेला गाळ पाण्यात कालवून पंधरा मिनिटे उकळावा. बादलीत ढवळून मिनिटभर थांबले की वाळू तळाशी बसते. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतावे, रात्रभर निवळू द्यावे, नितळ पाणी फेकावे. असे तीनदा, मग तळाचा गाळ वाळवून त्याची पूड करावी. इथे घाई केली तर क्षार राहतात आणि चित्रावर महिन्याभराने पांढरी बुरशीसारखी झाक येते. (खरी बुरशीही येते, ती कोल्हापूरच्या पावसाळ्यामुळे, त्यासाठी लवंग तेलाचे दोन थेंब.)

बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावे. वाळलेली पूड काचेवर त्यात घोटावी. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकाकून पापुद्रे सुटले तर जास्त. काळ्या मातीचा जाड थर हमखास तडकतो, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिचे पातळ हातच द्यावेत. तडे हवेच असतील तर कागदावर नको, फळीवर करावे. चित्राच्या मागे गाळाची जागा, तारीख आणि त्या दिवशीची बंधाऱ्याची पातळी पेन्सिलीने लिहावी; शाई दमट हवेत फुटते.